एप्रिल २०१६: एमटीआय असलेली गाणी

मिरजेहून निघालेली पाण्याची गाडी १२ एप्रिल २०१६ ला पहाटे लातूर स्टेशनात पोचली तेव्हा मी पुण्यात कंपनीच्या कॅबमध्ये, सगळ्यात मागच्या सीटवर, काचेला डोकं लावून 'याड लागलं' ऐकत होतो. सलग सहाव्यांदा वगैरे. भावाचा व्हॉट्सॲपला फोटो आला, फोटोत कायच दिसत नव्हतं, अंधार, माणसांची डोकी आणि त्यांच्यावर गाडीच्या एका वाघिणीची गोल काळी पाठ, म्हशीसारखी. खाली एकच शब्द. आली.

दहा वाघिणी होत्या, पाच लाख लिटरच्या आसपास पाणी. आकडा ऐकायला मोठा वाटतो, पण शहराची वस्ती चार लाखांच्या घरात, म्हणजे माणशी सव्वा लिटर. हा भागाकार मी तिथंच कॅबमध्ये मोबाईलवर केलेला, गाणं बंद न करता, आणि मग उगाच अपराधी वाटलं म्हणून गाणं बंद केलं, आणि दोन मिनिटांनी परत लावलं.

तर मुद्दा हा की दर महिन्याच्या शेवटी त्या महिन्यात आलेली आणि आपल्याला आवडलेली गाणी नोटपॅडवर लिहून ठेवायची मला सवय आहे. कुणी मागितलेली नाही, कुणाला दाखवतही नाही. आता जुन्या याद्या उघडल्या तर अर्धी गाणी आठवत नाहीत, हे आपल्याला कधी आवडलं होतं असं वाटतं. एप्रिल २०१६ ची यादी मात्र न उघडता सांगता येते. त्या महिन्याचं काय विशेष होतं ते मला बरेच दिवस कळलं नव्हतं, नुसतं वाटायचं की वा, काय महिना होता. मग कधीतरी लक्षात आलं की त्या यादीतली जवळजवळ सगळी गाणी एमटीआयवाली आहेत.

कॉल सेंटरला काम केलेल्यांना सांगायची गरज नाही, बाकीच्यांसाठी, एमटीआय म्हणजे मदर टंग इन्फ्लुअन्स. तुमच्या इंग्रजीतून तुमचं गाव डोकावतं तो आजार. आमच्याकडं व्हॉइस अँड ॲक्सेंटची ट्रेनर कॉल ऐकून शेऱ्यात लिहायची, 'हेवी एमटीआय'. मला तर डबल होता. इंग्रजीत मराठीचा, आणि मराठीत लातूरचा. फ्लोअरवरची पुण्याची पोरं चहाला बोलवायची तेव्हा मी एकदा गडबडीत 'येलालाव, येलालाव' म्हणालो होतो, त्यानंतर वर्षभर माझं नावच येलालाव. प्रेमानंच म्हणायची, वाईट कुणी नव्हतं. पण मी 'येतोय' म्हणायला शिकलो. 'करलालाव' गेलं, 'जेवलालाव' गेलं. घरी फोन लावला की आपोआप परत यायचं आणि फोन ठेवला की जायचं, जसं लाईट जाते-येते तसं. घरचा फोन मी कायम जिन्यात जाऊन घ्यायचो. रेंज नाही म्हणून, असं सांगायचो.

आणि अशा माणसाच्या कानात एप्रिल उजाडल्यावर काय येतं, तर याड.

आमच्याकडं येड म्हणतात, करमाळ्याकडं याड, तेवढं चालायचंच. पण वेड नाही ना. आजवर मराठी सिनेमातल्या प्रेमगीतात वेडच लागत आलेलं, नीट, व वर जोर देऊन, आणि आमची बोली यायची ती लावणीत नाहीतर विनोदी नोकराच्या तोंडी. नायकाचं खरं, हळवं, रात्रीची झोप उडालेलं प्रेम याडच्या भाषेत आणि त्याच्या मागं अख्खा सिंफनी ऑर्केस्ट्रा, हे मी ऐकलंच नव्हतं. अजय-अतुलनी हे रेकॉर्डिंग लॉस एंजेलिसला सोनी स्कोअरिंग स्टेजवर केलं. ही जुनी एमजीएमची जागा, 'विझर्ड ऑफ ऑझ'चं संगीत इथलंच, आणि तिथं ऑर्केस्ट्रा रेकॉर्ड करणारा पहिला भारतीय सिनेमा म्हणून 'सैराट'ची बातमी झाली होती. पुणे जिल्ह्यातल्या लहान लहान गावांत वाढलेले दोन भाऊ, घरात गाण्याची परंपरा वगैरे काही नाही, आणि ते तिथं जाऊन उभे. मी त्या बातमीवर लय विचार केलाय. म्हणजे तिकडचा व्हायोलिनवाला सकाळी उठून, कॉफी पिऊन, गाडी पार्क करून स्टुडिओत आला असणार, समोर नोटेशनचा कागद, आणि तो जे वाजवतोय ते जेऊरच्या विहिरीत उड्या टाकणाऱ्या पोराचं याड आहे हे त्याला कुठं माहीत. त्याला माहीत असायची गरजही नाही म्हणा.

गाणं सुरू होतं तेव्हा व्हायोलिनं लांबून, धुक्यातून आल्यासारखी येतात, आणि अजयचा आवाज येतो तो एकदम खालच्या पट्टीत, जवळजवळ स्वतःशी बोलल्यासारखा. त्या माणसाचा वरच्या पट्टीतला आवाज आपल्याला माहितीय, 'मल्हारवारी'पासून माहितीय, त्यामुळं आपण वाट बघत बसतो की आता फोडेल, आता फोडेल. आणि तो नाही फोडत. मधल्या म्युझिकमध्ये ऑर्केस्ट्रा त्याच्या वतीनं उसळतो, त्याच्या छातीत जे चाललंय ते सगळं बाहेर काढतो, आणि पोरगा परत येतो तर अजून तसाच हळू. हे मला कॅबमध्ये सहाव्या वेळी कळलं. मोठं वाजतंय ते वाद्यांचं. माणूस लाजतोय.

'आताच बया का बावरलं' श्रेया घोषालनी गायलंय. बंगाली घरातली, राजस्थानात वाढलेली बाई, आणि 'बया' असं म्हणते की माझी मावशी दचकून मागं बघेल. 'सैराट झालं जी'मध्ये अजयबरोबर चिन्मयी आहे, ती तमिळ. त्या गाण्यातला तो 'जी' मला फार आवडतो. हिंदीतला आदराचा जी नाहीये तो, मला तो शाहिराच्या मागं उभ्या झीलकऱ्यांचा जी वाटतो, पोवाड्यात शेवटचा शब्द उचलून धरतात तो. दोन पोरं प्रेमात पडलीत आणि मागं जणू गावच झील धरून उभंय. (पुढं गाव काय करतं ते सिनेमा बघितल्यावर कळतं. एप्रिलच्या सुरुवातीला आम्हाला काय माहीत.)

'झिंगाट'बद्दल मी काही लिहिणार नाही. तुम्ही कुठल्या ना कुठल्या वरातीत नाचलेला आहात.

चिन्मयीवरनं आठवलं, त्याच महिन्यात, ११ तारखेला, म्हणजे गाडी मिरजेहून निघाली त्याच दिवशी, रहमानच्या '२४' या तमिळ सिनेमाची गाणी आली आणि तिथं 'नान उन' मध्ये परत हीच चिन्मयी, यावेळी स्वतःच्या भाषेत, आणि तिच्याबरोबर तमिळ गाणारा कोण तर अरिजित सिंग. म्हणजे मुर्शिदाबादचा मुलगा. आमच्या टीममध्ये एक चेन्नईचा होता, मी त्याला मुद्दाम विचारलं की अरिजितचं तमिळ कसंय. तो म्हणाला, कळतंय की बाहेरचा आहे, पण गोड लागतंय. मग मी त्याला चिन्मयीचं मराठी ऐकवलं आणि आम्ही दोघं कॅन्टीनमध्ये एकेक इयरफोन घालून एकमेकांच्या भाषेतले एमटीआय शोधत बसलो. तिच्यात मला काही सापडलं नाही. कदाचित मला सापडवायचं नव्हतं.

१४ एप्रिलला सुट्टी नव्हती, अमेरिकेला काय आपल्या जयंतीचं. बाबासाहेबांची १२५वी जयंती होती त्या वर्षी, आणि माझ्या यादीतली सगळ्यात मोठी चूक इथं आहे. एप्रिल म्हणजे नवीन भीमगीतांचा महिना. दर वर्षी जयंतीच्या आधी नवे अल्बम येतात, पूर्वी कॅसेट, मग सीडी, मग मेमरी कार्डात, गायक-शाहीर वर्षभर त्याचीच तयारी करतात, आणि महाराष्ट्रात एका महिन्यात सगळ्यात जास्त नवं संगीत कधी येत असेल तर माझ्या मते तेव्हाच. वर्षअखेरच्या कुठल्या 'बेस्ट ऑफ' यादीत ते नसतं. माझ्यापण नव्हतं. भावानं फोनवर सांगितलं की मोबाईल शॉपीवाल्याकडं रांग लागलीय, एका कार्डात अर्धी भीमगीतं आणि अर्धं सैराट भरून देतोय, आणि शॉपीच्या समोरच टँकरसाठी घागरींची रांग. १४४ लावलेलं होतं मार्चपासनं, पाणी भरायच्या जागी पाचपेक्षा जास्त माणसं जमायची नाहीत. गाणी भरायला जमली तर चालतं काय, असं मी विचारलं. तो म्हणाला, तू ये, मग सांगतो.

(आजच्या पोरांना हे कार्ड भरणं म्हणजे काय ते सांगावं लागतं. जिओ सप्टेंबरला आलं. एप्रिलमध्ये एक जीबीचा पॅक अडीचशे रुपयांच्या आसपास होता आणि तो महिनाभर पुरवायचा असायचा. गाणं ऑनलाईन ऐकायचं म्हणजे चैन. पाण्यासारखा डेटा वापरतो असं आता म्हणतात, तेव्हा लातुरात पाणीपण पाण्यासारखं वापरत नव्हते. आई पत्रावळ्यांवर जेवण वाढायची, भांडी घासायला नको म्हणून.)

१५ तारखेला स्टर्जिल सिम्पसनचा 'अ सेलर्स गाईड टू अर्थ' आला. हा माणूस केंटकीचा, गाण्याआधी अमेरिकन नेव्हीत होता, आणि अल्बम म्हणजे दर्यावर गेलेल्या खलाशानं बायकोला आणि नुकत्याच जन्मलेल्या पोराला लिहिलेलं पत्र आहे. त्याच्या आजोबांनी महायुद्धात असताना घरी असंच पत्र लिहिलेलं, त्यावरनं सुचलं. मला हा अल्बम सापडला तो चांगल्या कारणानं नाही. आम्ही सगळे केंटकी, टेनेसी, अलाबामाच्या कॉलना घाबरायचो. त्या लोकांचं बोलणं कळायचं नाही, 'सॉरी, कुड यू रिपीट' तीन वेळा म्हटलं की मार्क कापले जायचे. एका सीनिअरनं सल्ला दिला की तिकडची कंट्री गाणी, म्हणजे त्यांची गावाकडची गाणी, ऐक, कान बसेल. म्हणून ऐकली. कान बसला, आणि मग कळलं की त्यांनापण तिकडं हसतात. त्यांच्या शहरातली माणसं त्यांच्या बोलण्याची नक्कल करतात, सिनेमात अडाणी पात्र दाखवायचं तर त्याला हाच हेल देतात. म्हणजे तिकडचं येलालावच की. सिम्पसन तो हेल जराही न घासता, मागं सोल बँडचे ट्रम्पेट-सॅक्सोफोन लावून गातो, निर्वाना या रॉक बँडचं गाणंसुद्धा त्याच हेलात घोळवून घेतो, आणि पुढच्या वर्षी ग्रॅमी नेतो. एका रात्री केंटकीच्या एका म्हाताऱ्याचा कॉल आला, बिलाचं काहीतरी होतं. एकदाही रिपीट म्हणायला लागलं नाही. कॉल संपताना तो म्हणाला की तुला माझं बोलणं कळतंय, बरं वाटलं. त्या कॉलचा स्कोअर किती आला ते विचारू नका, ग्रीटिंग चुकलं होतं.

२१ ला शिफ्ट चालू होत असतानाच प्रिन्स हा अमेरिकन गायक गेल्याची बातमी आली. ५७ वर्षांचा. हे नवीन गाणं नाही, यादीच्या नियमात बसत नाही, पण त्या रात्री अमेरिकेतनं जो कॉल येत होता त्याच्या मागं प्रिन्स वाजत होता. एका मिनेसोटाच्या बाईला होल्डवर टाकायचं होतं, तिच्याकडं मागं गाणं इतकं छान चाललेलं की मी होल्डचं बटण दाबलंच नाही, सिस्टीम स्लो आहे असं सांगून ऐकत बसलो. त्याच्याबद्दल मला तेव्हा फार माहिती नव्हती. नंतर वाचलं की पहिल्या अल्बमवर वाद्यं वाजवणारा म्हणून त्याचं एकट्याचंच नाव, आणि एवढं नाव झालं तरी तो मिनियापोलिसचाच राहिला, न्यूयॉर्क-लॉस एंजेलिसला बिऱ्हाड हलवायच्या ऐवजी तिथंच शेजारी चॅनहॅसनला त्यानं स्टुडिओ बांधला, पेसली पार्क. तिथल्याच लिफ्टमध्ये सापडला. जगाला आपल्या गावाकडं यायला लावणारा माणूस. आम्ही लातूरची पोरं बारावी झाली की पहिली गाडी पकडतो.

आणि मग दोन दिवसांनी बियॉन्से.

'लेमनेड' २३ एप्रिलला एचबीओवर आला, आपल्याकडं रविवार उजाडला होता. आधी फक्त टायडल या गाण्यांच्या ॲपवर, आणि टायडल भारतात नव्हतं, त्यामुळं सोमवारी आयट्यून्सवर आल्यावर विकत घेतला, माझ्या आयुष्यात विकत घेतलेला पहिला डिजिटल अल्बम. सगळं जग त्यात नवऱ्यानं फसवलं का, ती बाई कोण, हेच शोधत होतं. असू दे. मी पण शोधलं. पण माझं मन अडकलं ते 'डॅडी लेसन्स'वर. सुरुवातीला न्यू ऑर्लिन्सच्या लग्न-मयतीत वाजतात तशी पितळी वाद्यं, टाळ्या, आणि मग ती टेक्सासचं नाव घेते आणि तिचा आवाजच बदलतो. म्हणजे जगातली एवढी मोठी पॉप स्टार, इतकी वर्षं इतकी घासूनपुसून गाणारी, आणि इथं शब्द ओढते, सोडते, ह्यूस्टनच्या कुठल्यातरी अंगणात बसून बापाची गोष्ट सांगितल्यासारखी. जिन्यात जाऊन घेतलेला घरचा फोन. मला तो आवाज ओळखता आला.

आणि गंमत बघा, त्या वर्षाच्या शेवटी ग्रॅमीच्या कंट्रीच्या समितीनं ते गाणं त्यांच्या गटात घ्यायला नकार दिला. हे कंट्री नाही म्हणे. त्याच ग्रॅमीत सिम्पसन कंट्रीचा सगळ्यात चांगला अल्बम ठरतो, ज्याच्यात ब्रुकलिनचे ट्रम्पेटवाले आहेत. मला त्याचा राग नाही, अल्बम माझ्याच यादीत आहे. पण कुणाचा हेल अस्सल आणि कुणाचा नाही हे ठरवणारी एक ट्रेनर सगळीकडं बसलेलीच असते.

'लेमनेड'च्या फिल्ममध्ये वॉर्सन शायर या सोमाली-ब्रिटिश कवयित्रीच्या कविता आहेत, पोलिसांच्या नाहीतर कुणाच्या हातून पोरं गेलेल्या आया मांडीवर फोटो घेऊन बसलेल्या आहेत, आणि एक म्हातारी आहे, नव्वदीची, बियॉन्सेच्या नवऱ्याची आजी, ती सांगते की मला आयुष्यात लिंबं मिळाली, मी सरबत केलं. अल्बमचं नाव त्यावरनं. हे मी आईला फोनवर सांगितलं, जिन्यात नाही, फ्लोअरवरनंच, पहाटेचे पाच वाजले होते आणि कॉल कमी होते. आई सगळं ऐकून म्हणाली, 'सरबताला पाणी लागतंय की रे.'

ड्रेकचं 'वन डान्स' पण त्याच महिन्यातलं, यादीत आहे, पण खाली आहे. टोरांटोचा माणूस आणि हेल जमैकाचा. उसना एमटीआय. नाचायला बरं आहे. त्याचा 'व्ह्यूज' अल्बम २९ एप्रिलला आला, वीस गाणी, मी अजून पूर्ण ऐकलेला नाही, कारण २९ ला 'सैराट' लागला आणि मी ट्रॅव्हल्सनं लातूरला गेलो.

रविवारी, १ मेला, आईला घेऊन दुपारचा शो. तिकीट ब्लॅकनं. आई आधी येत नव्हती, तिला वाटत होतं असल्या गर्दीत बायामाणसांचं काय काम, पण टॉकीजवर बघतो तर निम्म्या बायाच. 'याड लागलं' सुरू झालं आणि मी महिनाभर इयरफोनमध्ये ऐकलेलं ते सगळं, ती धुक्यातली व्हायोलिनं, टॉकीजच्या फाटक्या स्पीकरमधनं आलं, एका बाजूचा तर बंदच होता, आणि खरं सांगतो, ते लॉस एंजेलिसचं काहीएक ऐकू आलं नाही कारण मागच्या रांगेतली पोरं गात होती. सगळे शब्द पाठ. एकाच्या तोंडून येड, दुसऱ्याच्या याड. 'झिंगाट'ला तर खुर्च्यांच्या मधल्या जागेत नाच सुरू झाला, पडद्यासमोर गेले, चिल्लर उडवली. आई हसत होती. मी तिला पाणी दिलं, बाटली घरनं आणलेली, ती एक घोट प्यायली आणि झाकण लावून पर्समध्ये ठेवली.

शेवट तुम्हाला माहितीय. सिनेमात शेवटाला आवाज बंद होतो. ते पोरगं रडत असतं, तोंड उघडं दिसतं, रडणं ऐकू येत नाही. मागनं एकजण ओरडला, 'ए आवाज! आवाज लाव!', त्याला वाटलं मशीन बिघडली, आधीच एक स्पीकर बंद, संशय बरोबरच होता. पुढचं कुणी ओरडलं नाही. त्यालाही कळलं. ते पावलांचे ठसे, आणि मग पाटी, आणि लाईट लागले तरी माणसं बसूनच. पडद्यासमोर नाचलेली पोरं मोबाईलच्या टॉर्चमध्ये खाली वाकून चपला शोधत होती, नाचताना निघालेल्या. एकाची एकच सापडली, तो तशीच एक घालून निघाला.

बाहेर ऊन असं की डोळे उघडेनात. आई म्हणाली, 'चल लवकर, आज टँकर आपल्या गल्लीत हाय.' रिक्षात बसलो. रिक्षावाल्यानं गाणं लावलं, 'सैराट'च्या चार गाण्यांतलंच एक, आमच्याकडं आरशातनं बघत, आताच बघून आलेत, खूश होतील म्हणून. आईनं पुढं वाकून त्याच्या खांद्याला हात लावला.

'बंद कर बाबा जरा.'